लालटोपीची उडी

३ मार्च

दादा,

आधी एक खुलासा. अक्षर आईचं आहे, बोलणं माझं. तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. बोगद्यावरच्या तुमच्या कॅम्पात टपालाची थैली सगळ्यांसमोर उघडतात असं तूच एकदा सांगितलं होतंस. तेव्हा चारचौघांत हे पाकीट तुला फोडावंच लागेल, आणि फोडलं की वाचल्याशिवाय राहवणार नाही. तुझा स्वभाव मला पक्का माहीत आहे.

तू रागावला आहेस. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी आपण नेटवर 'जोडदोर' खेळत होतो. तुटक्या पुलावर माझी लालटोपी पुन्हा घसरली, तिच्या दोरीला बांधलेला तुझा निळाही तिच्यामागोमाग दरीत गेला, आणि तू हेडफोनमधून म्हणालास, "खार, लक्ष कुठंय तुझं?" मी म्हटलं, या खेळात आता मन रमत नाही. आणि बंद करून टाकलं. तेव्हापासून एकही रविवार तुझ्याबरोबर बसले नाही. तू नोकरीसाठी घर सोडून गेलास त्याचा मी राग धरला आहे, असं तू आईला म्हणालास. आईने ते मला सांगितलं.

(आई लिहिते आहे: मी सांगितलं नव्हतं. हिने दाराआडून ऐकलं. चाकांची खुर्ची दाराआड मावत नाही, हे हिला अजून कळायचं आहे.)

आईने मध्ये मध्ये काही घुसडलं तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

राग वगैरे काही नाही, दादा. मन रमत होतं. अंगठा हलत नव्हता.

हे वाक्य लिहून झाल्यावर आई पाणी प्यायला गेली. आता परत आली आहे, तर पुढचं सांगते. माझे स्नायू एकेक करून रजेवर जातात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाय गेले तेव्हा तू मला पाठुंगळी मारून शाळेचा जिना चढायचास. दंड गेले तेव्हा माझं दप्तरही तुझ्या गळ्यात आलं. पण अंगठे राहतील असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी त्यांनीही काढता पाय घेतला. उडीच्या बटणापर्यंत बोट पोचायच्या आत कडा संपलेला असायचा. दोरी धरून ठेवायचं बटण तर दाबून ठेवावं लागतं, ते कधीच निसटायला लागलं होतं. तुला मी काय काय सांगितलं ते आठव. नेट खराब आहे. वायर सैल आहे. मांजर वायरीवर बसली आहे. आपल्याकडे मांजर नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

खरं सांगितलं नाही, कारण तू बोगदा अर्धा टाकून निघून आला असतास. आणि दुसरं कारण आहे, ते लिहायला आई नाही म्हणते, पण मी सांगते आहे आणि तिने लिहायचं आहे. त्या खेळात आपल्या दोघांना एकच दोरी असते. मी पडले तर तू पडतोस, तू पडलास तर मी. सगळ्या जगात तेवढी एकच जागा होती जिथे मी तुझ्या पाठुंगळीवर नव्हते. ती जागा सोडून द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून मीच ती बंद केली. हे शहाणपणाचं नव्हतं, पण त्या दिवशी एवढंच सुचलं.

आता बातमी. पुनर्वसन केंद्रात एक गृहस्थ आहेत. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना खेळता यावं म्हणून ते खटके जुळवून देतात. गुरुवारी आम्ही जाणार आहोत. मला पुन्हा तुझ्या दोरीला यायचं आहे. जमेल की नाही माहीत नाही, पण जमवायला निघाले आहे एवढं तुला कळावं.

तुझी,
खार

(आई: तब्येत बरी आहे हिची. जेवते. तू जेवतोस का?)


२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. असू दे. थैली उशिरा पोचली असेल असं मी म्हणते. आई म्हणते, तू तिच्यावर गेला आहेस, राग लवकर येतो आणि परतीची वाट विसरतो.

(आई: असं मी म्हटलं नाही. हिच्यावर गेला आहेस असं म्हटलं.)

केंद्र म्हणजे इस्पितळाच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली आहे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, डब्यांत खटके. हाताच्या पंजाएवढे, नाण्याएवढे, फुंकर मारायचे, भुवई उडवली की चालणारे. स्पंज कापायची सुरी, वेल्क्रोचे गुंडाळे, आणि या सगळ्याच्या मध्ये ते गृहस्थ. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे. आई त्यांना खटकेवाले म्हणते, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना कशाचंच काही वाटत नाही असा त्यांचा चेहरा आहे.

त्यांनी आधी कोणताही खटका काढला नाही. म्हणाले, "खेळ लावा आणि सेटिंगमध्ये 'सुलभता' लिहिलंय ते उघडा." मी म्हटलं, ते मी कधी उघडलं नाही. आवाज कमीजास्त करायला जाताना रोज त्याच्यावरून गेले आहे, पण ते इतरांसाठी असतं असं मला वाटायचं. "कुठल्या इतरांसाठी?" त्यांनी विचारलं. मी छताकडे बघितलं.

तर दादा, त्या यादीत पहिलंच काय होतं माहीत आहे? दोरी धरायचं बटण एकदा दाबा, धरलेलं राहील. पुन्हा दाबा, सुटेल. इतकं साधं. मी महिनोन्‌महिने दात-ओठ खाऊन जे बटण दाबून ठेवत होते, ते दाबून ठेवायची गरजच नव्हती. आधी मला स्वतःचाच राग आला. मग घरी येताना रिक्षात वेगळंच वाटायला लागलं. कुठेतरी कुणीतरी टेबलाशी बसून म्हणालं असेल, की एखाद्या मुलीला बटण दाबून ठेवता आलं नाही तर काय करायचं? मला न बघता, न ओळखता त्या माणसाने माझा विचार केला, आणि बाजूच्यांनी तो मानला. त्या माणसाचं मला फार भलं व्हावंसं वाटतं.

पण उडीचा प्रश्न राहिला. त्यावर खटकेवाल्यांनी एक तोड काढली. दोन कंट्रोलर आणि खेळाडू एकच, असं जोडता येतं. चालणं माझ्याकडे: हनुवटीखाली एक छोटी दांडी बसवली, ती ढकलली की लालटोपी चालते. दोरी माझ्या डाव्या तर्जनीकडे, ती अजून इमानदार आहे. आणि उडीचं बटण दुसऱ्या कंट्रोलरवर, म्हणजे आईकडे.

आईने ते बटण सपाट रस्त्यावर इतक्यांदा दाबलं, की लालटोपी बेडकीसारखी उड्या मारत निघाली. आणि कडा आला, की आई कंट्रोलर मांडीवर ठेवायची आणि दोन्ही हात मागे घ्यायची.

"बाई, आता उडी," खटकेवाले म्हणाले.

"आणि पडली तर?"

"पडली तर परत उभी राहते. खेळ आहे तो."

"पण पडते ना?"

"बाई, उडीचं बटण तुमच्याकडे आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली, "म्हणूनच दाबत नाहीये."

पुन्हा पुन्हा तेच. शेवटी खटकेवाल्यांनी हात टेकले.

(आई: इतकी वर्षं या मुलीला पडू द्यायचं नाही हे एकच काम केलं. अंघोळीला नेताना, खुर्चीत बसवताना, खड्ड्यातून नेताना. ते एका दुपारीत उलटं कसं करू? तूच सांग.)

मला आईचा राग आला नाही. गाल फुगवून बसले होते, पण तो राग नव्हता. खटकेवाले माझ्याकडे बघत होते. त्यांनी आईला विचारलं, "हिच्या चेहऱ्यावर न दमता काय हलतं?" आई एका क्षणात म्हणाली, "गाल. जन्मल्यापासून फुगलेला आहे."

तेव्हा पुढच्या वेळी गाल.

तुझी,
खार


१४ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आईने मोठ्याने वाचलं. "मांजर नाही हे लक्षात आलं होतं. पण वायर सैल आहे हे खरं वाटलं, म्हणून नवी पाठवली. मिळाली का?" मिळाली, दादा. डिसेंबरातच मिळाली. चिठ्ठी नव्हती, म्हणून दुकानातून चुकून आली असं समजून कपाटात टाकली होती. आज काढून लावली. जुनी खरंच सैल होती, हा त्यातला विनोद.

आणि खाली तू लिहिलं आहेस, की दर रविवारी चार वाजता निळ्याला तुटक्या पुलाशी नेऊन उभा करतोस, तास झाला की बंद करतोस. इतके महिने. एकट्याला तो पूल ओलांडता येत नाही हे तुलाही माहीत आहे. मी इकडे समजत होते की रविवारी चारला तू झोपतोस. मला यावर काही छान बोलता येत नाही, दादा. तू उभा होतास, त्याबद्दल मी तुझी फार आभारी आहे. तू म्हणशील, बहीण आभार कधीपासून मानायला लागली. आजपासून.

आता कामाचं. गालाचा खटका झाला. खुर्चीच्या पाठीला एक वाकणारी दांडी आणि तिच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढी चकती, उजव्या गालापासून बोटभर अंतरावर. गाल फुगवला की चकतीला लागतो आणि लालटोपी उडी मारते. पहिली उडी बसली तेव्हा मी ओरडले, खटकेवाले म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे टाळ्यांचा कडकडाट समजायचा.

मग भानगड झाली. मी एका निमुळत्या कड्यावरून जपून चालले होते. आई पाठीमागून म्हणाली, "अगं, हिला स्वेटर तरी घाल, केवढा बर्फ आहे तिथे." मला हसू आलं. हसलं की गाल वर चढतो. गाल चढला की चकतीला लागतो. लालटोपी सरळ दरीत.

"हसू नका," खटकेवाले म्हणाले. ते इतक्या सुतकी चेहऱ्याने म्हणाले, की आम्ही दोघी आणखी हसलो आणि लालटोपी उभी राहते न राहते तोच पुन्हा दरीत. त्यांनी चकती लांब केली, तर फुगवलेला गाल पोचेना. जवळ आणली, तर नुसते ओठ हलले तरी उडी. शेवटी एका जागी ठेवून म्हणाले, "यापेक्षा बरं आज होणार नाही. खेळताना गंभीर राहा."

म्हणून हा नियम, आणि हात जोडून सांगते, तो पाळ. येत्या रविवारी मी चार वाजता येणार आहे. मला हसवायचं नाही. मागच्या वेळी पडले तेव्हा तुझ्या आवाजाने मी पळाले. या वेळी पडले तर पुन्हा बसायचा धीर होईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून खेळताना फार बोलूच नकोस. आणि काहीही झालं तरी बाबांचा आवाज काढायचा नाही. तो एक विशेष नियम समज.

(आई: कुठला आवाज ते लिहू देत नाहीये, म्हणते त्याला माहीत आहे. मी लिहिते, मला लिहावंसं वाटतं. पाहुणे आले की तुमचे बाबा खुर्चीत डुलक्या घ्यायचे. सगळा वेळ झोपायचे, आणि पाहुणे "येतो आम्ही" म्हणून उठले की दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, "अरे, या, या. बसा ना. कधी आलात?" त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तू तो आवाज हुबेहूब काढतोस. मला चालतो.)

मला चालत नाही. दोघांचा जीव जाईल.

रविवारी चार वाजता.

तुझी,
खार


२९ एप्रिल

दादा,

हे पत्र छापील आहे, कारण ते मी स्वतः लिहिलं आहे. आई स्वयंपाकघरात आहे. खटकेवाल्यांनी तीच चकती अक्षरांना जोडून दिली. पडद्यावर अक्षरं ओळीने उजळत जातात, हवं ते आलं की गाल फुगवायचा. फार सावकाश चालतं. चुकलेलं खोडायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून जपून लिहिते आहे, आणि म्हणून वाक्यं छोटी आहेत.

रविवारी तू तिकडे काय बघितलंस मला माहीत नाही. इकडचं सांगते.

चार वाजता मी पुलाशी आले. निळा उभा होता. त्याच्या खांद्यावर बर्फ साचला होता. त्या खेळात एका जागी फार वेळ उभं राहिलं की बर्फ साचतो. तू फक्त "आलीस?" म्हणालास. मी म्हटलं, आले. तू दोरी बांधलीस.

तू नियम इतका कडक पाळलास, की मला वाईट वाटायला लागलं. एक शब्द नाही. पहिली फळी, दुसरी फळी, पुढची. मी चेहरा दगडासारखा ठेवून हनुवटी ढकलत होते. उड्या बसत होत्या. चांगलं चाललं होतं. आणि मला एकदम वाटलं, की मी कुणा अनोळखी माणसाबरोबर खेळते आहे. घरात बाबांच्या खुर्चीपुढे एकाच पडद्याला नाक लावून आपण जे भांडायचो, त्यातलं इथे काहीच नव्हतं. पण नियम माझाच होता. तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवटच्या फटीशी आलो. तिथे फळी पायाखाली करकरते हे तुला माहीत आहे, फार थांबता येत नाही. मी गाल फुगवायला गेले. गाल आला नाही.

दमला होता, दादा. किंवा घाबरला होता. इतका वेळ चेहरा ताठ ठेवल्यामुळे तो लाकूड होऊन बसला होता. मी पुन्हा प्रयत्न केला. ओठ थरथरले, गाल हलला नाही. फळीचा एक तुकडा खाली गेला. नोव्हेंबर पुन्हा येणार असं वाटलं. तेव्हा मी जे कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, "दादा, गाल येत नाहीये."

"असू दे, परत करू" असं म्हणशील असं मला वाटलं होतं, आणि ते ऐकलं असतं तर मी त्याच क्षणी बंद केलं असतं. पण हेडफोनमध्ये घोरणं ऐकू आलं. आधी वाटलं नेटमध्ये बिघाड आहे. मग खुर्ची कुरकुरल्याचा आवाज. तो कसा काढलास? आणि मग बाबा.

"अरे, या, या. बसा ना. कधी आलात?"

मी हसले. न ठरवता, नाकातोंडातून. गाल आपोआप वर चढला आणि लालटोपी उडाली.

इतकी लांब उडी मी हाताने खेळत असतानासुद्धा कधी मारली नव्हती. पलीकडच्या कड्याला तिचा एक हात लागला आणि माझ्या तर्जनीने दोरी धरली. एकदा दाबलं, धरलेलं राहिलं. मागे फळी कोसळली. निळा खाली गेला आणि दोरीला लोंबकळायला लागला, आणि दोरी सुटली नाही. तू खाली झुलत होतास आणि म्हणत होतास, "खार, सोडू नकोस हं." मी म्हटलं, "मूर्खा, सोडायचं असेल तर मला वेगळं दाबावं लागेल."

मग मी हनुवटीने लालटोपीला कड्यावर चढवलं आणि मागे मागे चालत तुला वर ओढलं. सावकाश ओढलं. मुद्दाम. लहानपणापासून शाळेच्या जिन्यावर, बागेत, इस्पितळात मी तुझ्या पाठुंगळीवर होते. रविवारी तू माझ्या होतास. ती चढण लवकर संपवायची माझी इच्छा नव्हती.

आई मागे उभी होती. बाबांचा आवाज तिनेही ऐकला. ती हसतही होती आणि रडतही होती, आणि दोन्हीतलं एकही लपवत नव्हती.

परवा खटकेवाल्यांना सगळं सांगितलं. ते स्क्रूड्रायव्हर काढून चकतीशी वाकले. मग म्हणाले, केंद्राच्या वरच्या लोकांना विचारून एक बारीकशी सोय करता येईल. गाल मुद्दाम फुगवला की हसल्यामुळे चढला, हे यंत्राला ओळखायला शिकवायचं. मग हसलं तरी लालटोपी उडी मारणार नाही. त्यांनी माझ्यासाठी इतका विचार केला, तो मला फार मोलाचा वाटतो. पण मी नको म्हटलं. हसू गाळायचं नाही. त्यांनी "हं" म्हटलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

गाल किती वर्षं साथ देईल मला माहीत नाही. विचारलंही नाही. खटकेवाल्यांच्या फळीवर अजून पुष्कळ डबे आहेत, ते मी जाताना बघून घेतले.

नियम रद्द. रविवारी चार वाजता. बोल.

तुझी,
खार

(आई, हाताने: हिने पत्र मला वाचायला दिलं. मी काही रडले वगैरे नाही, डोळ्यांत पाणी आलं एवढंच. हिने एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मी लिहिते. रविवारी जेवताना म्हणाली, आई, गाल दुखतोय. आता गालही की काय, असं मनात आलं. विचारलं, खेळून दुखतोय का? थांबवू या का आपण हे? तर म्हणाली, खेळून नाही गं, हसून.

मी म्हटलं, मग दुखू दे.)